चौथं सूत्र

घंटी माझीच होती, म्हणजे आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची. काउंटरवर कुणी नसेल तर वाजवावी म्हणून ठेवलेली, वरून बोट दाबलं की टिंग करणारी, पितळी. मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून ती तिथे आहे. गेल्या पाच-सात वर्षांत कुणी वाजवल्याचं मात्र आठवत नाही. हल्लीची मुलं काउंटरपाशी येऊन फोनमध्ये बघत उभी राहतात, आपल्याला कधी ना कधी कुणीतरी विचारेलच अशा भरवशावर. परिषदेच्या संयोजक बाई म्हणाल्या, "वेळ पाळायला एखादी घंटा लागेल गं," तेव्हा मी ती चिंचेनं घासली आणि पर्समध्ये टाकली.

परिषद ग्रंथपालांची होती. अखिल भारतीय, तीन दिवसांची, सहाशेच्या वर प्रतिनिधी, चार दालनांत एकाच वेळी चालणारी सत्रं. उत्तरायण उलटून आठवडा झाला होता. बडोद्यातली थंडी अजून टिकून होती आणि आवारातल्या प्रत्येक झाडावर फाटके पतंग लटकत होते. बाईंनी आधी फोनवर विचारलं होतं, "पेपर वाचणारेस का?" म्हटलं, नाही. "बरं झालं. मग ये कामाला."

आजवर मी अशा परिषदांना गेले ती प्रमाणपत्रासाठी. कॉलेजातल्या माणसाच्या बढतीच्या फायलीत ती लागतात. उद्घाटनाला बसायचं, जेवायचं, दुपारच्या सत्रात डुलकी काढायची आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राच्या रांगेत पुढे घुसायचं, एवढाच माझा अनुभव. आता बढती मिळायची ती मिळून गेली. त्यामुळे एकदा तरी ही गोष्ट आतून बघावी असं वाटलं. शिवाय स्वयंसेवकांना शुल्क माफ होतं, तेही लपवत नाही. बावन्नाव्या वर्षी ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थिनींच्या घोळक्यात, त्यांच्यासारखंच पिवळं जाकीट घालून उभी राहिले.

सकाळी सहाला घरातून निघताना सासूबाईंनी विचारलं, "कुणाचं कार्य आहे गं?"

"ग्रंथपालांचं."

"मग पंगत तरी शांत असेल."

सासूबाईंना कळवायला हवं होतं, पण नाही कळवलं, की आयुष्यभर दुसऱ्यांना 'शांतता राखा' सांगणारी सहाशे माणसं एका छपराखाली जमली की जो कोलाहल होतो तो खंडेराव मार्केटातही होत नाही. दीपप्रज्वलन चालू असताना मागच्या दहा रांगा एकमेकींच्या बदल्यांची चौकशी करत होत्या. स्वागतपर भाषणात एका वक्त्यांनी आठवण करून दिली की, बडोद्याला संमेलनांची सवय जुनी आहे. मराठी साहित्य संमेलनच इथे चारदा भरलं, १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली. प्राच्यविद्या परिषद भरली ती १९३३ च्या डिसेंबरात. १९२१ च्या संमेलनाचे अध्यक्ष न. चिं. केळकर होते. माझ्या मनात पर्समधली घंटी असल्यामुळे मला आधी हेच सुचलं, की केळकरांना वेळ संपल्याचं कुणी सांगितलं असतं?

नोंदणीच्या टेबलावर पहिली सकाळ गेली. पिशवी, वही, पेन, गोषवाऱ्यांची पुस्तिका, जेवणाची कुपनं, गळ्यातलं ओळखपत्र. पिशवी ज्यूटची होती आणि तिची चेन पहिल्या दहातल्या चार जणांच्या हातात आली. पण खरी गंमत प्रश्नांची. आमच्या धंद्यात दिवसभरात किती जणांनी काय विचारलं याच्या रेघा मारून ठेवायची रीत आहे. संदर्भसेवेची नोंद म्हणतात तिला. हाताला सवय, म्हणून मी पुस्तिकेच्या मागच्या पानावर रेघा ओढत गेले. प्रमाणपत्र कधी मिळणार, याच्या रेघा सगळ्यांत जास्त. त्याखालोखाल प्रसाधनगृह. मग चार्जर, लक्ष्मी विलास पॅलेस किती वाजता बंद होतो, आणि बडोद्याची ती सेव-उसळ जवळ कुठे मिळेल. (उसळ मराठी, सेव गुजराती, पाव कुणाचा ते विचारू नये. आमचं गावही तसंच आहे.) दालन क्रमांक तीन कुठे, हे जिथे हाताएवढ्या बाणाखाली 'दालन क्रमांक ३' लिहिलं होतं तिथेच उभं राहून अकरा जणांनी विचारलं. मी मनातल्या मनात आमच्या पोरांची माफी मागितली. ग्रंथालयात पाट्या कुणी वाचत नाही म्हणून मी त्यांच्यावर इतकी वर्षं चिडत आले आहे.

दुपारी माझी नेमणूक त्या दालन तीनमध्ये झाली. वेळ पाळायची. हातात दोन कार्डं दिली. पिवळं म्हणजे दोन मिनिटं राहिली, लाल म्हणजे थांबा. आणि तरी न थांबल्यास घंटी. सत्र सव्वादोन ते साडेतीन. पाच निबंध, प्रत्येकी बारा मिनिटं आणि वर प्रश्नांना तीन. पाच पंधरं पंचाहत्तर, हिशेब चोख. साडेतीनला दालन पुढच्या सत्रासाठी रिकामं करून द्यायचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या बाजूला हात धुवायला गेले होते. तिथे कडुनिंबाखाली एक पोरगा झाडाकडे तोंड करून बोलत होता. पंचविशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात मोबाइल. मला वाटलं फोनवर आहे. जवळून जाताना कळलं, मोबाइलवर सेकंद मोजायचं घड्याळ चालू होतं आणि तो झाडाला आपला निबंध सांगत होता. पिवळं जाकीट बघून लाजला. मग स्वतःच म्हणाला, "बेन, अगियार चाळीस थाय छे." अकरा मिनिटं, चाळीस सेकंद. वीस सेकंद हातची राखून. मी म्हटलं, सरस. माझ्या सत्रातला शेवटचा वक्ता तोच होता, हे दालनात शिरल्यावर यादी बघून समजलं. तो छोटाउदेपूरच्याही पलीकडच्या एका लहानशा कॉलेजचा ग्रंथपाल होता. आडनाव राठवा.

पहिला निबंध एका सरांचा होता. नाव सांगत नाही, पण सभागृहातल्या निम्म्या माणसांना त्यांनी कधी ना कधी शिकवलेलं. सत्राध्यक्षही त्यांचेच विद्यार्थी. विषय होता, रंगनाथनांचं चौथं सूत्र आणि आजचं ग्रंथालय.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. शि. रा. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्या रिकाम्या दालनात आठवडाभरातच कंटाळून ते परत शिकवायला जाऊ द्या म्हणून विनवायला लागले होते. मग लंडनला प्रशिक्षणाला गेले, आणि तिथून आले ते वेडे होऊन. १९३१ मध्ये त्यांनी पाच सूत्रं मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. आमच्या परीक्षेत ही पाच सूत्रं आली नाहीत असं एकही वर्ष गेलं नसेल.

चौथं सूत्र म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. सर म्हणाले, "मी अगदी थोडक्यात सांगतो."

दहाव्या मिनिटाला मी पिवळं कार्ड दाखवलं, तेव्हा रंगनाथन अजून लंडनच्या बोटीवर होते. सरांनी कार्डाकडे बघून माझ्याकडे गोड हसून मान डोलावली. बाराव्या मिनिटाला लाल. सर म्हणाले, "हो, हो बेटा." सभागृहात हशा झाला, मीही हसले. पंधरा. सतरा. मी लाल कार्ड पुन्हा वर केलं, या वेळी जरा उंच. ते आता सरांना दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं. बोट घंटीवर ठेवलं. घंटी थंडगार होती. माझं बोट तिच्यावर होतं आणि दाबायचं तेवढं राहिलं होतं.

नाही दाबलं. तीस वर्षांपूर्वी याच सरांनी माझी तोंडी परीक्षा घेतली होती. मी घाबरून पाणी मागितलं, तर त्यांनी शिपायाला न सांगता स्वतः उठून आणून दिलं होतं आणि नंतर मला एकही अवघड प्रश्न विचारला नव्हता. असा माणूस बोलत असताना त्याच्यावर टिंग करायचं? मी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष छताकडे बघत होते.

सर एकोणतीस मिनिटं बोलले. शेवटची नऊ मिनिटं त्यांच्या मागे पडद्यावर एकच वाक्य होतं, मोठ्या अक्षरांत: 'वाचकाचा वेळ वाचवा'. मला वाटतं हे विनोदी आहे, हे तिथल्या सगळ्यांनाच कळत होतं. बोललं कुणीच नाही.

दुसऱ्या केरळच्या बाई. त्यांनी बारा मिनिटांत, एकही शब्द वाया न घालवता, आंधळ्या विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या ध्वनिपुस्तकांच्या कामाबद्दल सांगितलं. सबंध परिषदेत मी ऐकलेलं सगळ्यात नेटकं बोलणं ते. तिसऱ्यांनी चौदा घेतली. चौथ्यांचा पेनड्राइव्ह उघडेना, उघडला तर अक्षरं विस्कटलेली, आणि त्या गडबडीसकट सोळा. एकोणतीस, बारा, चौदा, सोळा. एकाहत्तर. साडेतीनला चार मिनिटं कमी होती आणि दारात पुढच्या सत्राची माणसं ताटकळत उभी होती.

अध्यक्ष म्हणाले, आपले तरुण मित्र समजून घेतील, त्यांचा गोषवारा पुस्तिकेत आहेच, त्यांनी चार मिनिटांत सारांश सांगावा.

तो उठला. अकरा चाळीसचा निबंध चारात कसा बसवायचा हे कुणाला येतं? त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली, जसं झाडाला सांगितलं होतं तसंच, फक्त भरभर. कॉलेज कुठे आहे, मुलं कुठून येतात, घरचे मजुरीला बाहेरगावी जातात तेव्हा मुलंही कशी महिना-महिना जातात. दुसऱ्या चित्रावर असतानाच मी पिवळं कार्ड दाखवलं. त्याचा आवाज चिरकला. तिसरं चित्र. "तो पछी अमे पेटीओमां..." मग आम्ही पेट्यांमध्ये, असं तो म्हणाला. आणि अध्यक्षांनी माझ्याकडे बघून बोटानं खूण केली.

टिंग.

तो तिथल्या तिथे थांबला. वाक्य पुरं केलं नाही. थँक यू म्हणाला, पेनड्राइव्ह काढला, टोपण बसवलं आणि खाली उतरला. त्या अख्ख्या दुपारी घंटी एकदाच वाजली, ती ही.

संध्याकाळी उंधियु होतं आणि नंतर विद्यार्थ्यांचा गरबा. तमिळ, बंगाली, आसामी ग्रंथपाल टाळ्या चुकवत गोल फिरत होते आणि ते दृश्य फार छान होतं, असं मला नंतर फोटोंवरून वाटलं. मी घरी निघून आले होते. सासूबाईंनी विचारलं, पंगत कशी झाली. म्हटलं, झाली. जेवताना गोषवाऱ्यांची पुस्तिका घेऊन बसले. त्याचं पान काढलं. इंग्रजीत शीर्षक, खाली त्यानं गुजरातीत पाठवलेला मजकूर, आणि तो छापताना फाँट न जुळल्यामुळे अडीचशे शब्दांचे अडीचशे शब्द नुसते रिकामे चौकोन झालेले. गोषवारा पुस्तिकेत आहेच, असं अध्यक्ष म्हणाले होते. पेट्यांमध्ये काय, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला कामातून सुट्टी होती. मी जाकीट काढून प्रतिनिधी म्हणून बसले. सकाळचं भाषण 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या केंद्राच्या योजनेवर. १ जानेवारी २०२५ पासून ती चालू झाली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास नियतकालिकं, ६३०० शासकीय संस्थांतल्या १ कोटी ८० लाख विद्यार्थी-शिक्षकांना. मोठंच काम आहे, आणि ज्यांना जगातलं ताजं संशोधन वाचायला मिळत नव्हतं त्यांच्या दारात ते आणून ठेवलंय, हे कबूल. पण माझ्या डोळ्यांसमोर आमचा काउंटर येत होता. तिथे मुलं मागतात ती गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची फाइल.

चहाच्या वेळी मात्र मला एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. आमच्या कॉलेजच्या पुस्तकांच्या संगणकप्रणालीत एक दुखणं सहा महिन्यांपासून होतं. परत आलेलं पुस्तक यादीत 'बाहेर'च राहायचं. कंपनीला मेल लिहून थकले होते. समोसा खात मी हे सहज बोलले, तर शेजारच्या नागपूरच्या गृहस्थांनी समोसा बशीत ठेवला, माझ्या पुस्तिकेच्या कोपऱ्यावर तीन ओळी खरडल्या आणि म्हणाले, "तुमच्या माणसाला हे करायला सांगा, नाही झालं तर मला फोन." झालं. त्यांचा निबंध कशावर होता, मला आजही आठवत नाही.

त्या पोराला मी दिवसभर शोधत होते. जेवणाच्या रांगेत दिसला, पण मध्ये वीस माणसं. गाठून काय बोलणार होते तेही ठरलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मांडवीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सहल होती. 'तू इथली' म्हणून मलाच वाटाड्या केलं. दोन बसगाड्या काळा घोडा, रावपुरा, दांडिया बाजार करत सूरसागरपाशी आल्या. तळ्यातल्या महादेवाचे फोटो चालत्या गाडीतून निघाले. पुढे मोठी गाडी जात नाही. न्यायमंदिरापाशी उतरून सगळे लहरीपुरा दरवाज्यातून पायी निघालो. मी पुढे, मागे सव्वाशे ग्रंथपाल, आणि निम्मे वाटेतच चिवड्याच्या दुकानात अडकले. लीलो चिवडो हे बडोद्याचं असं काही आहे की त्यापुढे सयाजीरावांनीही आग्रह केला नसता.

जे पोचले ते मात्र आत गेल्यावर गप्प झाले. परिषदेत पहिल्यांदाच. लोखंडी फडताळांचे मजल्यावर मजले, आणि मधली जमीन काचेची. जाड, दुधी काच, वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपावा म्हणून. पुस्तकांच्या कोठारात दिवा-बत्ती नेली की आगीची भीती, त्यावर हा उपाय. बायकांनी एकदम साड्या सावरल्या. मी सांगितलं, खालून काही दिसत नाही, चाला. तरी सगळ्या भिंतीच्या कडेकडेनं.

तिथे उभं राहून मी माझी गोष्ट सुरू केली. शाळेत असल्यापासून ऐकलेली. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून बघितलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लावलं. पण शाळा सुटली, हाताशी पुस्तक नाही, की चार वर्षांत शिकलेलं पुसलं जातं. अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयं बघितली होती. १९१० मध्ये त्यांनी तिथून विल्यम अलान्सन बोर्डन या ग्रंथपालाला इथे आणलं. महाराजांच्या स्वतःच्या वीसेक हजार पुस्तकांवर हे ग्रंथालय उभं राहिलं. १९११ मध्ये बोर्डननी ग्रंथपालांचा वर्ग काढला, देशातला पहिला. आपण सगळे जे शिकलो त्याची मुळाक्षरं या गावात गिरवली गेली. पुढच्या वर्षी इथून ग्रंथालयांवरचं मासिकही निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. आणि ज्या खेड्यांत ग्रंथालय नाही तिथे फिरती ग्रंथालयं निघाली. भक्कम लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तकं, गावातल्या कुणा जबाबदार माणसाच्या नावे पाठवायची, जाण्यायेण्याचं भाडं संस्थानचं.

"पेटी केवडी?" मागून कुणीतरी विचारलं.

तोच होता. सगळ्यांना बाजूला सारत पुढे आला. पेटी केवढी, लाकूड कुठलं, उचलायला किती माणसं. मला लांबी-रुंदी सांगता येईना. बाकीचे फोटो काढायला पांगले. आम्ही दोघं फडताळांच्या मधल्या बोळात काचेवर उभे राहिलो आणि मी म्हटलं, "तू पेट्यांचं काय म्हणत होतास परवा?"

त्यानं सांगितलं. घरचे सौराष्ट्राकडे शेतमजुरीला निघाले की कॉलेजातली मुलंही त्यांच्यासोबत जातात. परीक्षेला येतात ती कोरी. म्हणून त्यानं दोन वर्षांपूर्वी जाणाऱ्या प्रत्येक टोळीबरोबर एक खोकं द्यायला सुरुवात केली. सफरचंदाची रिकामी खोकी, बाजारातून फुकट मिळतात. एका खोक्यात बावीस पुस्तकं बसतात. निम्मी अभ्यासाची, निम्मी मुलांच्या गोष्टींची, कारण तिथे शेताच्या कडेला लहान भावंडंच जास्त असतात. सोबत एक वही. ज्यानं वाचलं त्यानं सही करायची. पहिली वही परत आली तेव्हा तीत सह्या थोड्या, अंगठे बरेच. एका पानावर सहीच्या जागी कुणीतरी पिठोऱ्यातला, म्हणजे तिकडच्या आदिवासी भित्तिचित्रांतला घोडा काढला होता, तसाच, लांब मानेचा. ते त्याचं नववं चित्र होतं. पडद्यावर आलंच नाही. त्यानं मोबाइलवर दाखवलं.

अडचण पावसाची. पुठ्ठ्याचं खोकं एका मोसमात विरघळतं. पत्र्याची ट्रंक करून बघितली, उन्हात तापते, पुस्तकांचा डिंक सुटतो, आणि डोक्यावर घेणाऱ्या बाईला कडा लागतात. हे त्याच्या निबंधाचं अर्धं होतं, कारण त्याला या सहाशे माणसांना एवढंच विचारायचं होतं, की तुमच्यापैकी कुणी हे केलंय का, कशात नेता?

तो किती वेळ बोलला ते मी मोजलं नाही. बाहेर कुणीतरी बसच्या नावानं हाका मारत होतं. मधेच मी म्हटलं, "त्या दिवशी घंटी मी वाजवली."

"ए तो तमारी ड्यूटी हती ने, बेन," तो म्हणाला. अगदी मनापासून, मला बरं वाटावं म्हणून. त्यानं मला जास्तच लागलं. ड्यूटी तर मी एकोणतीस मिनिटं केली नव्हती.

मग त्यानं विचारलं, ह्या महाराजांच्या पेट्या आमच्याकडे आल्या असतील का? म्हटलं, नाही रे. संखेड्यापर्यंत बडोद्याचा मुलूख, छोटाउदेपूर वेगळं संस्थान. तो हसला. "एटले बॉर्डर नडी." सरहद्द आडवी आली. मग घड्याळात बघून म्हणाला, प्रतापनगरहून त्याची गाडी आहे, आणि प्रमाणपत्र अजून घ्यायचं राहिलंय. त्याचं प्रमाणपत्र मी आणून दिलं, रांगेत पुढे घुसून. तेवढा अनुभव होता माझ्याकडे.

घंटी सोमवारी परत काउंटरवर ठेवली. चकाकत असल्यामुळे असेल, पहिल्याच दिवशी दोन पोरांनी वाजवून बघितली.

आमच्या वाडीतला सुतार मूळचा संखेड्याचा. घराणं खराद्यांचं, लाकूड कातणाऱ्यांचं. आजोबा पाळणे आणि लाखकामाच्या खुर्च्या करायचे, हा आता मॉड्युलर किचन करतो. फेब्रुवारीत एका रविवारी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, एक पेटी हवी.

"मावशी, देवाची?"

"पुस्तकांची."

"रंग करू? आमचा लाल-सोनेरी?"

"रंग नको. बावीस पुस्तकं मावायला हवीत." मी नमुन्याला पिशवीतून चार आणली होती. त्यानं ती हातात घेऊन तोलली, एकावर एक ठेवून उंची बघितली, मग विचारलं, "डोक्यावर न्यायची की दोघांनी धरून?"

हे मी विचारलंच नव्हतं. तिथूनच फोन लावला. पलीकडे तासाची घंटा वाजत होती, त्यामुळे मला दोनदा विचारावं लागलं.

"डोक्यावर," तो म्हणाला. "बाई नेते. कडा नकोत. कुलूपही नको. पावसाचं बघा."

मी सुताराला सांगितलं. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि प्लायच्या तुकड्यावर रेघ ओढली. "मग तळाला खिळे नको, स्क्रू मारतो. कोपरे गोल करतो. आणि झाकण सपाट नाही चालायचं, मावशी. उतरतं करावं लागेल."